आकडा जुळला, दत्ता कुठाय?

"मॅडम, हेडकाउंट जुळला. सोडू बस?" एचआरचा निखिल दारातून म्हणाला. ड्रायव्हरनं इंजिन चालूही केलं होतं. मी सहज शेवटच्या सीटकडं पाहिलं. मांडीवर कांद्याची पिशवी घेऊन एक आजोबा बसले होते.

"बाबा, तुम्ही कुठल्या शिफ्टचे?"

"शिफ्ट न्हाई ताई. मोशीला लेकीकडं चाललोय. डायवर म्हनला, बसा."

म्हणजे आमचा एक माणूस कमी होता.

मी चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. कामावर आलेला माणूस धडधाकट घरी जावा, एवढंच माझं काम. त्या दिवशी कंपनीचा 'वेलनेस डे' होता, म्हणजे तब्येतीसाठी दिवसभराचा ट्रेक. भामचंद्र डोंगर चढायचा, कोरीव लेण्यांपाशी जेवायचं, पलीकडं उतरून एक जुनं देऊळ पाहायचं आणि शेतांतून वळसा घालून परत बसपाशी. तिसऱ्या शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीवाल्यांना, नेऊ नका असं मी सांगितलं होतं. प्लांट हेड गोडबोले सर म्हणाले, "आपण फॅमिली आहोत. सगळे आले पाहिजेत."

मी नावं घ्यायला लागले. दत्ता नव्हता. असेंब्ली लाइनवरचा, लातूरकडचा पोरगा. रात्रपाळी संपवून तसाच ट्रेकला आलेला. जेवणानंतर त्याला कोणीच पाहिलं नव्हतं. पुढच्यांना वाटलं मागे आहे, मागच्यांना वाटलं पुढे गेला. फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.

जेवलो होतो लेण्यांपाशी. लेण्यांपुढं अरुंद कातळ आहे आणि त्याखाली सरळ कडा.

"येईल तो," सर म्हणाले. "ही बस शिफ्ट सोडायला लागणार आहे."

"बस हलणार नाही, सर."

"कोणाच्या परवानगीनं?"

"माझ्या. आणि तुम्हीही चला वर."

आले बिचारे. दर वळणावर कमरेवर हात ठेवून थांबत होते, पण आले. ऊन उतरलं होतं.

दत्ता शेवटच्या लेण्यापुढं कातळावर आडवा पडला होता. एक पाय कड्याबाहेर लोंबत होता. माझ्या मनात भलतंच आलं. मग घोरणं ऐकू आलं. सर ओरडणार तोच मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. प्लांट हेडचं तोंड बंद करायची संधी रोज मिळत नाही. पण कडेला झोपलेला माणूस दचकला, तर कुठल्या कुशीवर वळेल सांगता येत नाही. मी रांगत गेले, दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला आणि मग हळू हाक मारली.

त्यानं डोळे उघडले. "मॅडम... लाइन थांबली का?"

"नाही रे बाबा. आधी आत सरक."

सर तिथंच मटकन बसले. "इतकी झोप होती तर यायचं कशाला?"

"न्हाई आलं तर बरं दिसत न्हाई, असं कुनीतरी म्हनलं, सर."

कोण म्हणालं, हे सरांनी विचारलं नाही. उतरताना दत्ताचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

पुढच्या वर्षी त्या दिवशी तिसऱ्या शिफ्टला पगारी सुट्टी मिळाली, घरी झोपायला. मीटिंगमध्ये सरांनी ही आपली कल्पना म्हणून मांडली. मी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. आता कुणालाही उंचावर चढवण्याआधी मी बूट, पाणी, टोपी नंतर बघते. आधी विचारते, रात्री झोपलास का?