पळायला शिकवणारे आमचे व्याही

फी घेऊन माणसाला पळायला शिकवणारा अख्ख्या पुण्यात एकच मास्तर आहे, आणि तो माझा व्याही आहे. लोकांना वाटतं ते मारामारी शिकवतात. रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेताच्या काठ्यांचा खडखडाट चालू असतो, तेव्हा लोकांचीही चूक नाही. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. लेक, जावई, नात आणि व्याही दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे हा माणूस मला मुलीच्या लग्नापासून वरून, खालून, सगळीकडून ऐकू येत आलेला आहे. त्यांची विद्या फिलिपिन्स देशातली. अर्निस म्हणतात तिला. व्याही मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होते. तिथला फिलिपिनो आचारी भांडी घासून झाली की डेकवर झाडूच्या दांड्यांनी त्यांना शिकवायचा. बाकीचे खलाशी घरी परतताना टेपरेकॉर्डर आणि अत्तरं आणायचे. यांनी वेताच्या काठ्यांची मोळी आणली. विहीणबाई तेव्हा होत्या. त्यांनी ती मोळी आधी बंबापाशी नेऊन ठेवली होती म्हणे.

माझ्या लेकीला बघायला आले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ताटलीत सफरचंदाच्या फोडी आणि शेजारी सुरी ठेवली होती. या गृहस्थांनी मुलीचं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. आधी सुरीचं टोक भिंतीकडे वळवलं आणि म्हणाले, "सुरीचं तोंड माणसाकडे नको." आमचे मालक मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी, सरळ माणूस. ते मला आत येऊन म्हणाले, "देवभोळे दिसतात, चांगलं घर आहे." देवाचा काही संबंध नव्हता. आजही व्याही कोणाच्या हातून सुरी घेत नाहीत. तुम्ही ती ओट्यावर ठेवायची, मागे सरकायचं, मग ते उचलणार. कलिंगडवाल्याशी ते रस्त्याच्या पलीकडून भाव करतात. विळीबद्दल मात्र त्यांना फार आदर. "विळी एका जागी बसते," ते म्हणतात, "तिच्याकडे माणूस स्वतः जातो. त्यात तिचा काय दोष?"

पार्किंगच्या खांबावर त्यांची पाटी आहे. 'येथे चाकू हिसकावून घ्यायला शिकवत नाहीत. ते शिकवणारे पुढच्या चौकात. दवाखानाही तिथेच.' तरी नवा माणूस येतो तो हेच शिकायला येतो. व्याही त्याला आधी पांढरा बनियन घालायला लावतात. मग लाकडी चाकूच्या धारेला ओलं कुंकू फासतात आणि म्हणतात, "घ्या हिसकावून." माणूस झटापट करतो, कधी कधी खरंच चाकू त्याच्या हातात येतो, आणि तो विजयी चेहऱ्याने इकडेतिकडे बघतो. व्याही त्याला लिफ्टमधल्या आरशासमोर नेऊन उभं करतात. गळ्यावर, छातीवर, पोटावर लाल रेघा. "अभिनंदन," व्याही म्हणतात, "चाकू तुमचा झाला. आता तेराव्याला कोणाकोणाला बोलवायचं तेवढं सांगा." निम्मे लोक दुसऱ्या दिवशी येत नाहीत. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाई लिफ्टचं दार उघडून बघतात तो आत कुंकवाने रंगलेला माणूस. त्यांनी जी किंकाळी फोडली ती मार्केट यार्डातल्या हमालांनी ऐकली असेल. व्याही म्हणाले, "शाबास. पहिल्याच दिवशी इतकं चांगलं ओरडणारं माझ्याकडे कोणी नाही." बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

कारण त्यांचा धडा हा असा: पहिलं पळा. पळताना ओरडा. पैसे, फोन, दागिना, जे मागेल ते फेकून द्या. काठी, पवित्रे, हातचलाखी हे सगळं, पळायला वाट नसेल तेव्हाचं. हिंजवडीच्या एका कंपनीने बायकांच्या सुरक्षेसाठी त्यांना बोलावलं होतं. हॉल, माइक, समोसे. यांनी सगळ्या बायकांना चपला काढायला लावल्या आणि गेटपर्यंत पळवलं. मग म्हणाले, "झालं. नमस्कार." तिथल्या साहेबाने घाबरून सांगितलं, "सर, अजून बराच वेळ बाकी आहे." व्याही म्हणाले, "मग परत पळवा." पुन्हा काही त्यांना बोलावणं आलं नाही. समोसेही तिथेच राहिले, याचं मात्र त्यांना वाईट वाटलं.

हुद्द्यांच्या बाबतीत तर ते सरकारी कचेरीच्या वर आहेत. इतर क्लासांत कमरेला रंगीबेरंगी पट्टे मिळतात. यांच्याकडे सदऱ्याच्या बाहीला एक बोटभर कापडी पट्टी लागते. आधी पांढरी, मग हिरवी, मग निळी. एक वडील मुलीला घेऊन आले आणि विचारू लागले, "ब्लॅक बेल्ट किती महिन्यांत होईल?" व्याही म्हणाले, "पँट सैल होत असेल तर आज देतो." निळी मिळवायलाच माणसाचे केस विरळ होतात. आणि सगळ्यात वर लाल. लाल पट्टी म्हणजे दुसऱ्याला शिकवायची परवानगी. ती फक्त व्याह्यांच्या स्वतःच्या बाहीवर होती, त्या आचाऱ्याने दिलेली. त्यांनी ती कधीही, कोणालाही दिली नव्हती. शिष्य यायचे, वर्षानुवर्षं घाम गाळायचे आणि निळीवरच संसाराला लागायचे.

घरातलं भांडण याच लाल पट्टीचं. आमची नात फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्यांच्याकडे शिकली. काठी अशी फिरवते की पंखा लावायला नको. ती आता हिंजवडीत नोकरी करते, आणि तिच्या मनात होतं की नोकरी सोडून मुलींसाठी स्वतःचा क्लास काढावा. दुसरं तिला काही नको होतं. पण लाल पट्टीशिवाय शिकवायचं नाही हे तिला आजोबांनीच शिकवलेलं, आणि आजोबा पट्टी देईनात.

"आजोबा, माझं काय कमी आहे ते तरी सांगा ना!" ती एकदा जेवताना रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हाताला सगळं येतं तुझ्या," व्याही आमटी ओरपत म्हणाले. "पायाला काही येत नाही. तुला चाकू दिसला की आनंद होतो. मी बघतो ना."

"मग परीक्षा घ्या!"

"याची परीक्षा मी नाही घेऊ शकत. आणि ऐक. उद्या तुझं बघून कुणाची पोर चाकूसमोर उभी राहिली आणि गेली, तर ती तुझ्या पट्टीच्या नावावर. तेवढं ओझं मी तुला देत नाही."

लेकीने ताट सरकवलं. सासऱ्यापुढे तोंड उघडता येत नाही म्हणून मला खाली येऊन बोलली. मी वर जाऊन त्यांना सरळ म्हटलं, "अहो व्याही, पट्टी चितेवर नेणार का? पोरीचं वय चाललंय." ते म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही गुळाच्या व्यापारात इतकी वर्षं होतात. कच्च्या पाकाची ढेप विकलीत कधी?" मी त्यांना हट्टी म्हातारा म्हटलं आणि खाली आले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं, म्हणजे व्याही, नात आणि मी, साताऱ्याकडचं एक लग्न उरकून एसटीने स्वारगेटला उतरलो. भर दुपार होती. रिक्षावाले नेहमीप्रमाणे आम्हाला जायचं होतं तिकडे सोडून सगळीकडे यायला तयार होते. म्हणून मागच्या गल्लीतून चालत निघालो. माझ्या गळ्यात मोहनमाळ. लग्नाहून येताना ती पदराखाली घ्यायची अक्कल मला राहिली नाही. एक किडकिडीत माणूस समोर आला, हातात लांब चाकू, आणि म्हणाला, "म्हातारे, माळ काढ."

नातीने काय केलं? काहीही नाही. म्हणजे पवित्रा नाही, हात वर नाही. स्वतःची पर्स तिने त्याच्या पलीकडे लांब भिरकावली, माझा दंड धरला आणि ओरडली, "आजी, पळ!" व्याही तर तिच्याही पुढे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण शिकवणीला जागला. धोतर असतं तर सुटलं असतं असा पळाला. पळाली नाही ती मी. माझ्या गुडघ्यांना पळण्याचा धडा कोणी दिलेला नाही. चार पावलांवर भिंत धरून थांबले आणि नातीला म्हटलं, "जा तू, माणसं आण." ती गेली. कोपऱ्यापर्यंत ओरडत गेली, रिक्षावाल्यांच्या घोळक्यात शिरली. तो माणूस पर्सकडे न बघता माझ्याकडे वळला. माळेची कडी मला सुटेना.

तेवढ्यात व्याह्यांनी गल्लीच्या टोकाशी मागे वळून बघितलं. त्यांना मी दिसले. आणि ते परत आले.

पुढचं मी नीट पाहिलेलं नाही. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. दोन म्हातारी माणसं, एक घाबरलेला चोर आणि आहेराच्या साड्यांची पिशवी, एवढ्यांची झटापट. चाकू खाली पडला, रिक्षावाले धावत आले, चोर पसार झाला. व्याह्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चिरून लाल झाला होता. कुंकू नव्हतं ते.

टाके पडले. सोसायटीने हार आणला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीसुद्धा पेढे पाठवले. व्याही कोणाशी धड बोलेनात. चौथ्या दिवशी सकाळी सदरा घेऊन माझ्या दारात. "विहीणबाई, एक हात बांधलेला आहे. एवढी पट्टी उसवून द्या."

लाल पट्टी. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुमचं? माझा जीव वाचवलात."

"वाट मोकळी असताना मी चाकूकडे चालत गेलो. असल्याला मी पांढरीसुद्धा देत नाही."

"मी तिथे उभी होते म्हणून गेलात ना?"

"ते तुमच्या-माझ्यात. क्लासमध्ये तुमचं नाव निघता कामा नये. म्हातारीपायी झालं असं उद्या कोणी म्हणायला नको." आणि लगेच खेकसले, "उसवता, की शिंप्याकडे जाऊ?"

उसवली. दुसरं काय करणार? त्या दिवशी खुर्ची टाकून मी पार्किंगमध्ये बसले. व्याही सगळ्या शिष्यांसमोर उभे राहिले. "परवा चाकू समोर आला. मी सुटलो होतो. तरी परत गेलो. काय चुकलं?"

एकजण चाचरत म्हणाला, "पण सर, तुम्ही परत का गेलात?"

"कारण नाही विचारलं. चूक विचारली."

माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. नातीला पुढे बोलावलं आणि पट्टी तिच्या हातावर ठेवली. "हिने पर्स फेकली, पळाली, ओरडली, माणसं आणली. परीक्षा मी घेतली नाही, कोणी तिसऱ्यानेच घेतली. आजपासून शिकवायची ही."

पोरगी रडायला लागली. "आजोबा, मला अशी नको."

"क्लासमध्ये आजोबा म्हणायचं नाही," ते म्हणाले, आणि मागच्या रांगेत जाऊन नव्या मुलांशेजारी उभे राहिले.

आता नातीचा क्लास चालतो. नोकरी सोडली तिने, जावई अजून कपाळाला आठ्या घालतो. व्याही तिचे विद्यार्थी. तिला "मॅडम" म्हणतात, उशीर झाला तर आत यायची परवानगी मागतात, बाहीला पांढरी पट्टी लावतात. हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत, काठी सारखी निसटते. कोणी उचलून द्यायला गेलं तर रागावतात. त्या दुपारबद्दल ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, मीही नाही. आभार मानायची आमच्या दोन्ही घरांत पद्धत नाही.

रोज शेवटी नात सगळ्यांना फाटकापर्यंत पळवते. पोरीबाळी भुर्रकन जातात. व्याही सगळ्यात मागे, हल्ली धापही लागते. फाटकापाशी पोचले की थांबतात आणि वळून बघतात, मागे कोणी राहिलं का. नात ओरडते, "मागे बघायचं नाही! किती वेळा सांगायचं?" ते मान डोलावतात, "चुकलं, मॅडम," म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतात. मी खुर्चीत बसलेली असते. म्हाताऱ्याला आता तेवढं एक शिकवून येणार नाही.