तार बिघडलेला माग

"ब्लॅडरमध्ये गाठ आहे," डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले. ब्लॅडर म्हणजे मूत्राशय, लघवीची पिशवी.

"पण दुकत तर न्हाय की," आबा म्हणाले.

लघवीतून रक्त जात होतं, पण दुखत नव्हतं, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे कुणाला असं झालं तर दुखायची वाट बघू नका, एवढं आधीच लिहून ठेवते.

आम्ही मूळचे केम गावचे. आबा सोलापुरात यंत्रमागावर काम करतात. मी बी.एस्सी.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मीच पहिली, म्हणून रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे आलं. सगळं कळत होतं असं नाही.

दुर्बिणीतून गाठ काढली. तपासणीत ती कॅन्सरची निघाली, पण पिशवीच्या स्नायूपर्यंत गेली नव्हती, वरवरच होती. शेजारच्या खाटेवर बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं, गाठही त्याच प्रकारची. साहेबांनी वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेली. आबांनी कधी विडीला हात लावला नाही.

काही महिन्यांनी दोघांची सिस्टोस्कोपी झाली, म्हणजे लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून पिशवी आतून बघतात. आधी साहेब बाहेर आले. "क्लिअर!" ते म्हणाले, म्हणजे गाठ नाही. थर्मास घेऊन थांबलेल्या त्यांच्या मुलीने तिथेच त्यांना मिठी मारली.

आबांची गाठ परत आली होती.

तुम्हाला खरं सांगते, मला त्या मुलीचा हेवा वाटला. तिच्या थर्मासचा वाटला, तिच्या हसण्याचा वाटला, पण सगळ्यात जास्त त्या एका शब्दाचा. तो आमच्या वाट्याला का नाही?

आबांची ती गाठही काढली. पण घरी आल्यावर ते म्हणाले, "सायेब पास, मी नापास. आता मी न्हाय यायचो तपासाया."

गाठ परत का येते, हे मी कॉलेजच्या मॅडमना विचारलं. त्यांनी मायक्रोआरएनए समजावले. पेशीत कामाचे निरोप फिरत असतात. मायक्रोआरएनए हे इवलेसे तुकडे त्यातले काही निरोप अडवतात. 'वाढत राहा' हा निरोप अडवणारे तुकडे कमी पडले, की मूत्राशयातली कॅन्सरची पेशी वाढतच जाते. काही तुकडे मात्र उलटे. ते वाढले, की 'थांब' हाच निरोप अडतो.

मी डॉक्टरांना विचारलं, आबांचं तसंच झालं असेल का? ते म्हणाले, "यावर अजून संशोधन चालू आहे. साहेबांची का गेली आणि यांची का आली, हे मी त्यावरून सांगू शकत नाही. आपल्या हातात दुर्बीण आहे. तपासणी चुकवू नका."

आता हे आबांना कसं सांगायचं? मी घाबरतच सुरुवात केली. "आबा, धागा तुटला की माग थांबवणारी ती बारकी तार असती ना?"

"व्हय."

"पेशीतबी तसलंच काहीतरी असतं. ते बिघडलं की वाढ थांबत न्हाय. तुमी नापास न्हाय झाला."

आबांनी मान वर केली.

"तार बिघडलेल्या मागावर काय करता तुमी?"

"काय करनार? उबं ऱ्हाऊन बगत बसायचं. नायतर कापड वाया जातंय की."

"मग डॉक्टर तरी दुसरं काय करत्यात?"

आबा म्हणाले, "लई शिकलीस गं." ती चेष्टा होती की कौतुक, मला कळलं नाही. पण पुढच्या तपासणीला ते माझ्याआधी चप्पल घालून दारात उभे होते.

साहेब तेव्हाही क्लिअर निघाले. मला पुन्हा हेवा वाटला. मुलीने थर्मासमधला चहा माझ्यापुढे धरला आणि मी घेतला. "तपासणीच्या आदल्या रात्री मला झोपच लागत नाही," ती म्हणाली.

आबांना एक बारीकशी गाठ सापडली. अजून वरवरच होती, ती लगेच काढता आली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब मुलीला घेऊन वॉर्डात भेटायला आले. आबा उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "सायेब, धागा तुटला हुता. येळेत घावला."