दाजींचा हिरव्या दिव्यांचा राउटर

"बाळू, दाजी गेले रे तुझे. आन् नेट बंद हाय... पोरीला बाप कसा दावू?" अक्काचा फोन आला तेव्हा मी उमरग्याला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होतो. दीडेक महिना झाला, पण तिचं ते दुसरं वाक्य मनातून जात नाही. खरं सांगायचं तर ते ऐकून रडू येण्याआधी मला दाजींचा राग आला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धरणावर नोकरी केली, निवृत्त होऊन माकणीतच राहिले. एकुलती एक स्वाती जर्मनीत नर्स. घरात मोबाइलची रेंज धड येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तिचं तोंड बघायला त्यांनी नेट घेतलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. राउटरचे सगळे दिवे हिरवे, फोनवर वायफायची खूण पूर्ण, आणि उघडत मात्र काहीच नाही. कंपनीला फोन केला की एकच उत्तर, बंद करून चालू करा. तेवढ्यापुरतं चालायचं, दोन दिवसांनी पुन्हा दाजींचा फोन, तोही मी जेवायला बसलो की हमखास.

दुखणं डीएनएसचं होतं. मी त्यांना समजावलं, की दाजी, नेट हे गाव धरा. तुम्ही नाव सांगता, आणि त्या नावाचं घर कुठं ते सांगणारा माणूस पारावर बसलेला असतो. कंपनीचा हा माणूस सारखा झोपतो. राउटरमध्ये दुसऱ्या माणसाचे आकडे भरले की घरातले सगळे फोन चालतील.

"मंग त्याला उठवा की," दाजी म्हणाले, "माझ्या राउटरला कशाला टोचता?"

त्यांचं घोडं त्या टोचण्यापाशीच अडलं होतं. मागं एका लाइनमननं राउटरच्या बारक्या भोकात पिन खुपसली, सगळं सेटिंग पुसलं गेलं आणि स्वाती कितीतरी दिवस दिसली नाही. तेव्हापासून राउटरला हात लावायचा नाही असा हुकूम. त्यात खंडेनवमीला विळा-कुऱ्हाडीशेजारी राउटरही मांडला, हळदीकुंकू वाहिलं. पुजलेल्या वस्तूला टोचायचं न्हाय, विषय संपला. हे काम फोनवरून होतं, पिन लागत नाही, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. शेवटी वैतागून त्यांच्या एकट्याच्या फोनमध्ये आकडे भरून दिले. मग काय, स्वारी खूश. फोन नाकाला लावून बोलायचे आणि पलीकडून स्वाती रोज ओरडायची, "बाबा, लांब धरा, नुसतं कपाळ दिसतंय."

दाजी गेले त्या दिवशी स्वातीला विमान मिळून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं खोळंबलेली, हातोहाती फोन फिरत होते, राउटर बंद करून चालू केला तरी सगळ्यांवर नुसतं गोल चक्र. मी माझ्या फोनमध्ये आकडे भरू लागलो, तर घाईत दोनदा चुकलो. म्हातारी माणसं म्हणू लागली, आता उचला. तेवढ्यात अक्का आत गेली आणि दाजींचा फोन घेऊन आली. त्यात आकडे आधीच भरलेले होते, तो लागला. तिनं तो दाजींच्या चेहऱ्यावर धरला, अगदी जवळ... "आई, लांब धर गं," स्वाती म्हणाली, "बाबा पूर्ण दिसू देत."

परवा माकणीला गेलो. अक्कानं स्वतःच राउटर फळीवरून काढून पुढं ठेवला. "टोच आता," म्हणाली. मी टोचलं नाही. फोनवरून आकडे भरले, चहा निवायच्या आत काम झालं. घरातले सगळे फोन चालू लागले आणि राउटरवरचं हळदीकुंकू होतं तसंच राहिलं. एवढंसं काम, दाजी... एवढ्यासाठी वर्षभर भांडलात माझ्याशी.

संध्याकाळी स्वातीचा फोन आला. अक्काला आता नवा फोन आहे, पण तिनं दाजींचाच घेतला आणि त्यांच्यासारखाच नाकाला लावला. पडद्याच्या कोपऱ्यात अक्काचं नुसतं कपाळ दिसत होतं. स्वातीनं लांब धर म्हटलं नाही.