शमीमआपाचे गुरुवार

शमीमआपा गेल्याचं मला भाजीवाल्या गंगूनं सांगितलं. मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "तुमची आपा गेली नं बाई, काल सकायी." मी विचारलं, पालक आहे का? पालक समोरच होता... या गोष्टीला महिना झाला.

मूर्तिजापुरात आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दर गुरुवारी दुपारी तीनला, अजून शाळेत न जाणाऱ्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायच्या, हा उपक्रम माझा. निदान कागदावर तरी. मी तेव्हा ग्रंथपाल होते. ग्रंथालयशास्त्राची पदवी, कडक इस्त्रीची साडी आणि नाक जरा वरच. आज ती तेव्हाची बाई रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या कडेनं निघून जाईन. गुळगुळीत पानांची नवी चित्रपुस्तकं आली होती. त्यांना डाग पडू नयेत म्हणून मी दाराशी पाण्याची बादली नि साबण ठेवला आणि वर पाटी लावली, हात धुतल्याशिवाय पुस्तकास स्पर्श करू नये. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी पाटी! त्यात साल असं, की नळ पंधरा दिवसांनी यायचा. पहिल्या गुरुवारी पोरं आली, बादलीभोवती बसली आणि ओंजळीनं ते पाणी प्यायली. मी ओरडले. दुसऱ्या गुरुवारी कोणी आलं नाही. तिसऱ्याही.

आपा शेजारच्या घरात गोधड्या शिवायची. चौथ्या गुरुवारी दारात येऊन उभी राहिली, बादलीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"घरी प्याले पाणी नाई अन् तुमी हात धुवाले लावून राहिल्या. मायांले लाज वाटते. तुमाले पुस्तकं राखाची हायेत, का लेकरं बोलवाची?"

मी तिला नियम समजावून सांगितला. तिनं तो शांतपणे ऐकला, बादली उचलून आत कोपऱ्यात ठेवली, तिच्यावर झाकण नि पेला ठेवला आणि घरोघर सांगायला निघून गेली. पुढच्या गुरुवारी अकरा पोरं. ओढणीचं टोक ओलं करून तिनं एकेकाचे हात पुसले आणि पुस्तकं हातात दिली.

मीच वाचायचं ठरलं होतं, पण दोन पानांतच पोरं चुळबुळायला लागली. मग आपानं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. ती चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, मराठी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून उचललेली. अडखळायची. अडखळली की पोरांनाच विचारायची, "काय असन रे पुढं?" पोरं चित्र पाहून सांगायची आणि ती तेच खरं मानून पुढे जायची. मी मागे बसून तिच्या चुका टिपून ठेवायचे... हो, पेन्सिलीनं, कागदावर. अशी होते मी.

पुढे कित्येक वर्षं गुरुवार तिचेच राहिले. मग लागोपाठ कपाशी बुडाली, कापसाचं जिनिंग बंद पडलं, वस्तीतली घरं पुण्याला, सुरतेला जायला लागली. अकराची सहा पोरं झाली, सहाची दोन. शेवटी गंगूची नात परी तेवढी उरली. तिचे आईबाप पुण्याला बांधकामावर निघाले त्या दिवशी आपानं तिच्या पिशवीत एक पुस्तक कोंबलं. मी म्हटलं, अगं, वाचनालयाचं आहे ते, परत कसं येणार?

"परत कोणासाठी पाह्यजे?"

ते पुस्तक पहिल्याच पावसात खोपटात भिजून गेलं, असं गंगू सांगते. परी शाळेत गेली नाही. धाकट्या भावाला सांभाळते.

त्यानंतरही आपा दर गुरुवारी तीनला यायची, दार उघडून तास-दीड तास बसायची. मी म्हणायचे, घरी जा. ती म्हणायची, गुरुवार हाय. वाद तिथंच संपायचा.

ती गेल्यावर पहिल्याच गुरुवारी मी जाऊन बसले. वस्तीत नव्यानं आलेली एक बाई तीनेक वर्षांच्या पोरीला घेऊन आली. इथं गोष्ट सांगतात म्हणे, असं ऐकलं होतं तिनं. मी एकही चूक न करता शेवटपर्यंत वाचलं. पोरीनं मध्ये एकदा दाराकडे पाहिलं, मग आईकडे. "येतो बाई," आई म्हणाली. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत.

आज पुन्हा गुरुवार. तीनला दार उघडलं, आता साडेचार होत आले. आपा टेकून बसायची तिथं भिंतीवर तेलकट डाग आहे, डोक्याएवढा. मी टेकते ती त्याच्या शेजारी.