माझ्या छातीतल्या गाठीचा फोटो

माणसाच्या आतलं दाखवणारं यंत्र परभणीत आलंय, ही बातमी चुडाव्याकडच्या आमच्या गावात पोचली तेव्हा मी नेमका खोकत होतो. नसतो खोकलो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चुलते समोरच बसले होते.

"दिवाळीपासून खोकायलायस. चल, फोटू काढू तुझा," ते म्हणाले.

तसा खोकला किरकोळ होता. पण खरं सांगायचं तर मलाही हौस होती. आमच्या गावात तोवर कुणाचा बाहेरून फोटो निघालेला नव्हता. माझा एकदम आतूनच निघणार होता. विशीतल्या माणसाला एवढा मोठेपणा पुरे झाला. चुडाव्याला गाडीत बसलो ते लग्नाला निघाल्यासारखा भांग पाडून.

निजामाचं राज्य आणि वर लढाईचे दिवस. यंत्रवाले डॉक्टर फौजेतून निवृत्त होऊन आलेले होते. स्टेशनाजवळ बंगला. यंत्र तेलाच्या इंजिनावर चाले, आणि इंजिन सुरू झालं की बाहेर बसलेले रोगी आपोआप रांगेत नीट बसत. यंत्र आल्यापासून डॉक्टरसाहेबांनी छाती तपासायची नळी खुंटीला टांगली होती, असं लोक कौतुकानं सांगत. साहेब आता माणसाला हात लावत नाहीत, थेट आत बघतात!

कंपाउंडरनं मला आत घेतलं. "बदन पे जो बी है, सब उतारो."

मी भिकबाळी काढली, आंगठी काढली, चांदीचा करदोडा सोडला. अंगात बंदांचा सदरा होता, त्याला धातू नाही म्हणून तो राहू दिला.

"सब निकाला?"

"सब निकाला," मी छातीठोक सांगितलं.

आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, आणि माणूस गेला की ते त्याच्यासोबतच मातीत जातं. मधल्या काळात ते अंगावेगळं करायचं नसतं. माझं चांदीच्या डबीत होतं, सदऱ्याच्या आत, छातीवर. अंगावर काय काय आहे असं विचारल्यावर कुणी आपलं नाक मोजून दाखवत नाही; तसं ते. मला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी फोटो खिडकीच्या काचेवर धरला. माझ्या बरगड्या बघून मला वाटलं, बरा दिसतोय की मी. पण मधोमध, जरासा डावीकडे, पांढराफटक गोळा होता.

"गाठ," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात मला आनंदच जाणवला. "ऐसी गोल गाठ फौज में बी नहीं देखी. और ये देखो, दोनों बाजू से पाँव फूट रहे हैं."

खरंच गोळ्याच्या दोन्ही अंगांना बारीक कोंब होते. चुलत्यांनी आधी मला खाली बसवलं.

"हैदराबाद जाना पडेगा. सीना चीरना पडेगा," साहेब म्हणाले. "मैं चिठ्ठी लिखता. तब तक ये दवा पिओ."

दवा लाल होती आणि कडू. ती पीत आम्ही धर्मशाळेत चिठ्ठीची वाट बघत राहिलो. चुलते मला कुशीवर वळू देईनात. "हळू रे, फुटंल आतली!" पाण्याचा तांब्या उचलू देईनात. मी स्वतः तर एवढा खंगलो, की माझ्यामागं माय कशी रडेल याचा विचार करून आधी मीच रडून घेतलं. गंमत म्हणजे गाठही मला जाणवायला लागली. बरोबर तिथंच दुखायची.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी पूजेला बसलो. डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं, रिकामी डबी उजव्या हातात राहिली. गोल चांदीची डबी. दोरा ओवायला दोन बाजूंना दोन कड्या.

पाँव!

मी पूजा कशीबशी उरकली आणि धावत बंगल्यावर गेलो. चुलते मागून ओरडत होते, "पळू नको, गाठ हाय तुला!"

साहेबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "आपने कंपाउंडर से क्या कहा था? सब निकाला. कहा था ना?"

"जी. पण हे काढायचं असतं हे लक्षातच..."

"सब निकाला, तो बाहर कुछ नहीं था. बाहर नहीं था, तो अंदर है."

माझ्याच शब्दावर माझी छाती चिरली जाणार होती. मी डबी सदऱ्याबाहेर काढून फोटोशेजारी धरली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मियाँ, डॉक्टर आप हैं या मैं?"

खरेपणानं काम होत नाही हे कळायला मला तेवढा वेळ पुरला. मी चेहरा पाडला, दोनदा खोकलो आणि म्हणालो, "साहेब, आपलंच खरं. पण गाठ वाढली असली तर? हैदराबादचे बडे साहेब म्हणतील, जुना फोटो कशाला पाठवला?"

साहेब खुलले. "समझदार हो. बैठो, नया निकालते."

इंजिन धडधडायला लागलं. या खेपेला मी स्वतःहून सांगितलं, की गळ्यात लिंग आहे. कंपाउंडर म्हणाला, "उतारो." तेवढ्यात चुलते धापा टाकत दारात पोचले.

"लिंग उतरवायचं? अंगावेगळं? खबरदार!"

"अहो काका, नाहीतर छाती चिरतील माझी!"

"चिरू दे की! चिरल्यावर लिंग अंगावर तर ऱ्हाईल!"

इकडं डॉक्टर, तिकडं चुलते. दोघांचंही माझ्यावर प्रेम, आणि दोघांच्याही हिशेबात छाती काही वाचत नव्हती. शेवटी मीच म्हणालो, "काका, छातीवर नको, डोक्यावर बांधलं तर? डोकं अंगातच येतं ना?"

चुलत्यांनी बराच विचार केला. माझं डोकं अंगात धरावं की नाही, याबद्दल त्यांना आधीपासूनच शंका असावी. पण त्यांनी मान हलवली, आपला रुमाल सोडला आणि डबी माझ्या टाळूवर घट्ट बांधली. तसा, शेंडी उभी राहिल्यासारखा, मी यंत्रापुढं उभा राहिलो.

नवा फोटो काचेवर लागला. छाती स्वच्छ. गोळा नाही, पाँव नाहीत.

"बघा साहेब, डबीच होती..."

"गई!" साहेब ओरडले. "पूरी गई! चार दिन की दवा में!"

"जी, पण ती आधीपासून नव्हतीच."

साहेबांचा चेहरा उतरला. "नहीं थी? तो पहला फोटो झूठा? फिर किसका भरोसा करना, बोलो. हैदराबाद ही भेजता हूँ, वो लोग खोल के देखेंगे."

मी चुलत्यांकडं पाहिलं. चुलत्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दवा फार गुणकारी आहे आपली," मी म्हणालो.

साहेबांनी चिठ्ठी फाडली, मला एक बाटली आणखी दिली आणि दोन्ही फोटो बाहेरच्या खिडकीत शेजारी शेजारी लावायला सांगितले. आम्ही बाहेर आलो तोवर ते लागलेही होते, आणि रांगेतले लोक माना उंचावून बघत होते. चुलते पहिल्या फोटोपुढं थबकले. माझ्या बरगड्यांमधून लिंगाची डबी लख्ख चमकत होती. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटले.

ते पाहून रांगेतले दोघेतिघे पुढं झाले आणि त्यांनीही चपला काढून हात जोडले. एक म्हातारा मला हळूच विचारायला लागला, "ही गाठ तुमचीच का, मालक?"

"होय," मी म्हणालो. "आता बरं हाय."