बाटलीतली खाडी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी भोसरीच्या एका कंपनीत सांडपाणी तपासायचो. शेवटच्या हौदात आम्ही मासे सोडले होते. मासा जगला की पाणी पास, सोडा बाहेर, असा सरळ हिशेब. साहेब खूश, मीही खूश.

एकदा रत्नागिरीकडून भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एसटीने माझ्या खोलीवर आले. पिशवीत सुकट आणि खाडीच्या पाण्याची बाटली. खाडीकाठच्या भातशेतात वर्षभर खारं पाणी कोंडून कोळंबी वाढवायचं त्यांच्या मनात होतं.

"बघ रे तपासून, कोळंबी जगेल काय ह्यात?"

शेजाऱ्यांदेखत ते मला "आमचे पाण्याचे डॉक्टर" म्हणाले आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. पाणी तपासलं आणि ऐटीत कागदावर लिहून दिलं, 'उत्तम. कोळंबी खुशाल जगेल.'

कोळंबी जगली, चांगली फोफावली. गावात माझं नाव झालं म्हणे.

दीडेक वर्षानं ताई एकटीच आली. तिच्याही पिशवीत बाटली होती. "आधी ह्या पाण्याचा चहा कर," म्हणाली. मी केला, तर दूधच नासलं. पाण्याचा घोट तोंडात घेतला आणि तसाच मोरीत थुंकलो.

"खाडीचं पाणी कशाला आणलंस?"

"खाडीचं नाय रे. आपल्या विहिरीचं."

तिची विहीर त्या शेताला लागूनच होती. दर सुट्टीत मी तिचं पाणी प्यालो होतो. कोंडलेलं खारं पाणी झिरपत झिरपत तिथवर पोचलं होतं. कोळंबी जगेल का, एवढंच मी पाहिलं. ते पाणी जाईल कुठे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. कंपनीत तरी कधी आलं होतं? मला स्वतःचीच चीड आली.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "ह्यांना पत्र लिही. तुझं ऐकतील," एवढंच म्हणाली. मी लगेच लिहिलं, 'माझं चुकलं. पाणी सोडून द्या.'

दुसऱ्या दिवशी निघताना ती चाळीच्या नळावर गेली. तीच बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरली आणि बूच घट्ट लावलं.

"सासूबाईंना नेते," ती म्हणाली. "लय दिवस झाले, गोडं पाणी मागतायत."