मावशीच्या ठेवीवरची दुसरी सही

गुंतवणुकीची गोष्ट म्हटल्यावर तुम्हाले वाटलं असन, हा पोट्टा आता लखपती व्हायचा रस्ता सांगन. नाही बाप्पा. या गोष्टीत मी एक रुपयाही कमावला नाही.

मावसाजी वारल्यावर मावशीले विम्याचे पैसे भेटले. ती दिग्रसले ब्लाऊज शिवते. पोरगी बारावीले, पुढं तिले नर्सिंगले टाकायचं. घरात बी.कॉम. झालेला मी एकटाच, म्हणून मावशीनं मले समोर बसवलं. कॅलेंडरच्या मागं आम्ही लिहिलं: सारे पैसे बँकेत मुदत ठेवीत, मुदत संपन थेट अ‍ॅडमिशनच्या महिन्यात, तोवर हात लावायचा नाही. ठेवीवर दोघांचं नाव, मोडायची तं दोघांच्या सह्या. हे मावशीनंच काढलं. "माह्यानं भावाले नाही म्हणवत नाही. तू म्हणजो."

भाऊ म्हणजे माहे मोठे मामा. कापूस निघाला का दिग्रसात अर्ध्या गावाचं डोकं एकच चालते: आता घ्या, घरात भरून ठेवा, भाव चढला का विका. मामा रोज फोन करत. "सही कर ना बे! उन्हाळ्यात दुप्पट करून देतो. बहीण माही हाय का तुही?"

भाव पडला तं पोरीची फी कोण भरन, हे तोंडावर विचारायले पाह्यजे होतं. पण मामासमोर माही बोबडी वळे. नकला मात्र मस्त जमतात. गॅदरिंगले हेडमास्तरची नक्कल त्याइच्यासमोरच केलती. तं दोस्ताच्या फोनवरून मामाले फोन लावला अन् मी बँकेचा साहेब झालो. नाकातून बोललो, दर दोन शब्दाले खाकरलो. "हे बघा, अं, ही ठेव मुदतीआधी मोडताच येत नाही. अं, नियम आहे."

मले वाटलं, मिटलं. मामा दुसऱ्या दिवशी पेढ्याचा डबा घेऊन बँकेत, साहेबाले पटवायले! साहेब खाकरले. "अं, मी कुठं फोन केला? मोडता येते की. व्याज थोडं कमी मिळेल. दोघांच्या सह्या आणा."

मामा फॉर्म अन् पेढ्याचा डबा घेऊन तसेच मावशीकडे. मले बोलावलं. मी पोचलो तवा मावशीनं मान खाली घालून सही केलती. मामानं पेन माह्या हातात कोंबला.

त्या वक्ती कोणाचाच आवाज सुचला नाही. माहाच निघाला, बारीक.

"नाही करत सही, मामा. हे पैसे फीचे हायेत, कापसाचे नाही. अ‍ॅडमिशन झाल्याशिवाय माही सही भेटणार नाही. अन् तो फोन मीच केलता."

मामा चपला घालून निघून गेले. पेढ्याचा डबा तिथंच राह्यला.

मग मावशी उठली, मशीनवरचा टेप हातात घेऊन.

"आवाज चोरते, मेल्या? तुहं 'नाही' खरं होतं, तं खोट्या तोंडानं कायले सांगतलं? उद्या तू म्हणशीन ठेव जागेवर हाय, तं मी काहून खरं मानू? दाखव पावती!"

दाखवली. तिनं दोन्ही बाजूनं पाह्यली, घडी घालून माह्याच खिशात ठेवली.

"आता जा. मामाच्या पाया पड, माफी माग. अन् तिथं सही करून आला, तं घरात घेत नाही तुले!"